जुन्या खेळांचे नवे पाठ

१९९३ साली मी पनवेलच्या एका छापखान्यात मराठी अक्षरजुळणीच्या कामाला लागलो. खिळे नुकतेच अडगळीत गेले होते आणि त्यांच्या जागी एक संगणक आला होता. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, निवडणुकीची पत्रके असे सगळे त्या एकाच यंत्रावर होई. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मालकांचा भाचा खिशातून एक फ्लॉपी काढी, ती यंत्रात सरकवी, आणि पडद्यावर एक राज्य उभे राही. किल्ला, तळे, झाडे आणि त्यांतून चालणारा एक बारकासा सरदार. खेळाचे नाव ‘किंग्ज क्वेस्ट’.

हा खेळ नेमबाजीचा नव्हता. पडद्याच्या तळाशी एक ओळ रिकामी असे. तिथे इंग्रजीत आज्ञा टंकायची : दार उघड, दगड ढकल, विहिरीत बघ. आज्ञा समजली तर गोष्ट पुढे सरके, नाही तर ‘समजले नाही’ असे उत्तर येई. मी मराठी माध्यमाचा. शेजारी इंग्रजी-मराठी कोश उघडा ठेवून आम्ही दोघे क्रियापदे शोधत बसायचो. माझी बरीचशी इंग्रजी क्रियापदे त्या सरदाराची देणगी आहेत.

त्या गोष्टीत एका बुटक्याचे नाव ओळखायचे होते. उलटा विचार करावा, एवढीच खूण हाती होती. आम्ही सहा महिने अडकलो. मग एके दिवशी फ्लॉपी खराब झाली आणि खेळ संपला. बुटक्याचे नाव मला कळले ते वीसेक वर्षांनी. तोवर त्या खेळाचे एक नव्हे, तीन पाठ झाले होते, आणि तिसरा पाठ तयार करणाऱ्यांचा मूळ कंपनीशी काही संबंध नव्हता. ते माझ्यासारखेच, कधी काळी त्या राज्यात अडकलेले लोक होते.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. जुन्या मराठी ग्रंथांचे पाठभेद हा माझा आवडीचा विषय, तोही घरी बसून वाचलेला. पण जुने साहसखेळ आणि चाहत्यांनी केलेल्या त्यांच्या नव्या आवृत्त्या पाहताना वारंवार वाटले, की हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. मूळ संहिता कोणती? ती जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? सुधारणा कुठे थांबते आणि नवी रचना कुठे सुरू होते? या लेखात त्या अंगाने या खेळांकडे पाहायचे आहे. शेवटी माझ्या स्वतःच्या काही फ्लॉप्यांचीही हकीकत येईल, कारण खरे तर तिच्यामुळेच मी या वाटेला लागलो.

गुहेतली मूळ प्रत

साहसखेळांची वंशावळ एका खऱ्या गुहेपासून सुरू होते. विल क्राउदर हा अमेरिकेतील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत काम करणारा प्रोग्रॅमर. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत त्याचा हात होता. त्याला आणि त्याची पत्नी पॅट हिला गुहा धुंडाळण्याचा नाद होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहासमूहाच्या मोजणीत दोघेही सहभागी होते. पुढे घटस्फोट झाला. मुली भेटायला आल्या की त्यांना रमवावे, म्हणून १९७५-७६ च्या सुमारास क्राउदरने एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात चित्र नव्हते. संगणक गुहेचे वर्णन छापून दाखवी, खेळणाऱ्याने एक-दोन शब्दांत आज्ञा द्यायची.

हा प्रोग्रॅम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पसरत स्टॅनफर्डला पोहोचला. तिथल्या डॉन वुड्सने तो पाहिला, क्राउदरचा पत्ता शोधून त्याची परवानगी घेतली, आणि १९७७ मध्ये वाढवून सर्वांपुढे ठेवला. जगाला माहीत झालेली ‘कलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ ती ही. क्राउदरची मूळ संहिता नाहीशी झाली असे पुढची पंचवीस-तीस वर्षे सगळे मानत होते. त्यामुळे एक समजही रुजला : क्राउदरने रूक्ष, नकाशासारखी गुहा लिहिली आणि बुटके, जादूचे शब्द, खजिने ही अद्भुताची भर वुड्सने घातली.

२००५ मध्ये वुड्सच्या विद्यार्थिदशेतल्या खात्याची जुनी साठवण स्टॅनफर्डमध्ये तपासली गेली, तेव्हा क्राउदरची संहिता त्यात सापडली. डेनिस जर्झ या अभ्यासकाने तिचा बारकाईने अभ्यास केला, प्रत्यक्ष गुहेत उतरून वर्णने ताडून पाहिली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्णने खऱ्या गुहेशी बरीच जुळत होती. पण जादूचा शब्द आणि कुऱ्हाड फेकणारे बुटके मूळ क्राउदरच्या संहितेतच होते. रुजलेला समज चुकीचा ठरला.

मराठी वाचकाला इथे ज्ञानेश्वरी आठवणे स्वाभाविक आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढची परंपरा तिच्यावर उभी राहिली. एकनाथांच्या हाताखालून गेलेल्या पाठाच्या मागे काय होते, हा प्रश्न इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये निराळी पोथी छापून उभा केला. ती एकनाथपूर्व आहे हे त्यांचे म्हणणे पुढे वादाचे ठरले. पण वाद घालायला दुसरी पोथी समोर असावी लागते. वुड्सच्या खात्यात ती जुनी साठवण राहिली नसती, तर क्राउदरबद्दलचा गैरसमज आजही खरा इतिहास म्हणून सांगितला गेला असता.

आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. तो खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच पाही, कारण ज्या यंत्रावर तो लिहिला गेला त्याच्या स्मृतीच्या एका घरात पाच रोमन अक्षरे मावत. इंग्रजीत हे खपून गेले. क्रियापद आधी, नाम नंतर, आणि नामाचे रूप सहसा बदलत नाही. मराठीत ‘दिवा घे’ म्हणताना क्रियापद शेवटी येते, आणि ‘दिव्यात तेल घाल’ म्हणताच दिव्याचे रूप पालटते. यंत्राला सामान्यरूप शिकवल्याशिवाय ‘दिवा’ आणि ‘दिव्यात’ यांतला दिवा एकच, हे त्याला कळायचे नाही. म्हणजे यंत्राची घडण खेळाच्या भाषेत उतरलेली असते. अभंगाला टाळाची लय असते, तसेच काहीसे. ती घडण न समजता केलेली नवी आवृत्ती मूळ खेळाची राहत नाही.

रांगोळीची कृती

रोबर्टा विल्यम्स या गृहिणीने क्राउदर-वुड्सची गुहा खेळली आणि तिला वाटले, याला चित्रे हवीत. तिने गोष्ट रचली, चित्रे काढली, पती केन याने प्रोग्रॅम लिहिला, आणि १९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’ हा चित्रे असलेला पहिला साहसखेळ विक्रीस आला. त्यांच्याच सिएरा कंपनीने १९८४ मध्ये ‘किंग्ज क्वेस्ट’ काढला. त्यात खेळणाऱ्याचे पात्र चित्रात हिंडू लागले, झाडाच्या मागे जाऊ लागले.

त्या काळच्या फ्लॉपीवर ३६० किलोबाइट मावत. आजच्या मोबाइलने काढलेला एखादा फोटोही त्यात बसणार नाही. मग इतकी दृश्ये त्यात बसली कशी? उत्तर असे, की फ्लॉपीवर चित्रे नव्हतीच. चित्र काढण्याची कृती होती : इथून तिथवर रेघ ओढ, या बंद जागेत हिरवा रंग भर, मग ही फांदी काढ. रांगोळीच्या पुस्तकात ठिपके आणि ते जोडण्याचा क्रम दिलेला असतो, रांगोळी दर वेळी नव्याने घातली जाते. तसाच प्रत्येक दृश्याला संगणक ते चित्र पुन्हा काढत असे. छापखान्यातल्या यंत्रावर दृश्य बदलताना थोडा वेळ लागे, त्याचे कारण मला हे वाचल्यावर उमगले.

कृती वाचणारा राहिला नाही, तर रांगोळीही उमटत नाही. नवी यंत्रे आली, जुन्या आज्ञा त्यांना कळेनात. फ्लॉपीचे चुंबकीय लेपनही वर्षांगणिक क्षीण होत जाते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत दिसले, की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. पुस्तक दुर्मीळ झाले तरी कुठल्या तरी ग्रंथालयाच्या कपाटात वाचता येते. खेळाचे तसे नाही. फ्लॉपी हातात असूनही तो वाचता येत नाही.

मोडी वाचणारा माणूस

यावर तीन वाटा निघाल्या. चाहते त्या सर्रास एकाच नावाने ओळखतात, पण त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय काय जपले आणि काय बदलले हे कळत नाही.

पहिली वाट मूळ संहितेला हात न लावण्याची. १९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्सने ‘मेनियॅक मॅन्शन’ काढला. रॉन गिल्बर्टने त्यासाठी ‘स्कम’ नावाची रचना तयार केली. आज्ञा टंकण्याऐवजी पडद्यावर मांडलेल्या क्रियापदांतून निवड करायची, ही त्याची युक्ती. कंपनीचे पुढचे अनेक खेळ त्याच भाषेत लिहिले गेले. २००१ मध्ये लुडविग स्ट्रिगेउस हा स्वीडिश विद्यार्थी आणि व्हिन्सेंट हॅम यांनी ही भाषा उलगडून तिचा नवा वाचक लिहिला : ‘स्कमव्हीएम’. हा खेळ देत नाही. खेळाची जुनी फाइल तुमच्याकडे हवी, ती वाचून दाखवण्याचे काम तो करतो. पुढे देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी त्याला सिएराच्या आणि इतरांच्याही जुन्या भाषा शिकवल्या.

आपल्याकडे मोडी दप्तरांची स्थिती अशीच आहे. रुमाल आहेत, कागद आहेत, शाई टिकली आहे, पण मोडी वाचणारा नसेल तर सगळे मुके. मोडी शिकलेला माणूस कागदावर काही लिहीत नाही, काही पुसत नाही, फक्त वाचून दाखवतो. जतनाचा पहिला आणि सर्वांत विश्वासार्ह मार्ग हाच. मूळ जसे होते तसे, त्याच्या अडचणींसह, चुकांसह समोर येते. त्या बुटक्याच्या नावासह.

शुद्ध पाठ आणि नवे आख्यान

आता त्या नावाकडे येऊ. ते ग्रिम बंधूंच्या परीकथेतले रम्पलस्टिल्टस्किन. पण १९८४ च्या खेळात ते नुसते उलट लिहून चालत नव्हते. वर्णमालाच उलटी करायची होती : पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरे. कोड्याला दोन कुलपे होती. एक गणिती, दुसरे संस्कृतीचे. जर्मन परीकथा लहानपणी कानांवर न पडलेल्या चिरनेरच्या मुलाला पहिले कुलूप फुटले असते, तरी दुसरे फुटणार नव्हते.

१९९० मध्ये सिएरानेच खेळ नव्या चित्रांसह पुन्हा काढला आणि कोडे सोपे केले. नाव सरळ उलट लिहिले की दार उघडे. हा दुसरा पाठ. २००१ मध्ये काही चाहत्यांनी तिसरा पाठ विनामूल्य दिला. आधी त्यांनी टिएरा हे नाव घेतले होते, पुढे ते एजीडी इंटरॅक्टिव्ह म्हणून ओळखले गेले. यातल्या एजीडीचा अर्थ ‘अनामिक खेळकर्ते’ असा आहे. पोथीच्या शेवटी नाव न घालणाऱ्या लेखकूची आठवण व्हावी असे हे नाव. सोळा रंगांच्या जागी त्यांनी २५६ रंगांची चित्रे आणली, टंकण्याऐवजी माउसने खेळण्याची सोय केली. मालिकेच्या पाचव्या खेळात नायक ग्रॅहमला आवाज देणारे जॉश मँडेल यांनी त्यांच्यासाठी पुन्हा तो आवाज दिला.

त्यांनी केलेली एक सोय मला मोलाची वाटते. सिएराच्या जुन्या खेळांत खेळणारा नकळत अशा ठिकाणी पोहोचे, की पुढे जाणे अशक्य, आणि हे त्याला सांगितलेही जात नसे. दुसऱ्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये एक पूल ठरावीक वेळाच ओलांडता येतो. एक फेरी उगाच घातली, की तासाभराने पूल कोसळणार हे ठरलेले. चाहत्यांनी पहिल्या खेळाच्या आवृत्तीत अशा कोंड्या टाळून खेळण्याचा पर्याय दिला. पर्याय हा शब्द महत्त्वाचा. कोंडी काढून टाकली नाही. जुन्या रीतीने अडकायचे की नव्या रीतीने पुढे जायचे, ते वाचकाने ठरवायचे. ही दुसरी वाट, शुद्ध पाठाची.

त्याच लोकांनी २००२ मध्ये दुसरा ‘किंग्ज क्वेस्ट’ घेतला तेव्हा ते तिसऱ्या वाटेला गेले. मूळ गोष्ट किरकोळ होती. त्यांनी तिला नवे प्रसंग, नवी पात्रे, नवा खलनायक दिला आणि उपशीर्षकही थोडे बदलले. मोरोपंतांनी महाभारत आर्येत आणले, मुक्तेश्वरांनी ओवीत खुलवले, तेव्हा व्यासांची प्रत शुद्ध करणे हा त्यांचा हेतू नव्हता. ते नवे आख्यान होते. चाहत्यांची ही आवृत्ती त्या जातीची आहे. तिसऱ्या खेळाच्या तर दोन गटांनी दोन आवृत्त्या केल्या, एक २००६ मध्ये, दुसरी २०११ मध्ये. कीर्तनकार बदलला की आख्यानही बदलते, तसे.

माझा आक्षेप तिसऱ्या वाटेला नाही. तिसऱ्या वाटेने जाऊन दुसरीचे नाव सांगण्याला आहे. एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. त्याच एकनाथांनी ‘भावार्थ रामायण’ लिहिताना मात्र प्रतिभेला मोकळे सोडले. एकच माणूस दोन्ही कामे करू शकतो. त्याने दोन्हींची गफलत मात्र करता कामा नये. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठभेद तळटीपेत आहेत. न पटणाऱ्या वाचकाला संपादकाशी भांडायचे साधन त्याच पानावर दिलेले आहे.

खेळांत याचा उत्तम नमुना म्हणजे ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ची २००९ ची विशेष आवृत्ती. ती चाहत्यांची नाही, कंपनीची आहे. तिच्यात एक कळ दाबली की नवे रंगवलेले दृश्य जाऊन त्याच क्षणी १९९० चे जुने दृश्य दिसते. पुन्हा दाबली की परत नवे. पाठभेदाची तळटीप एका कळीवर आणून ठेवली आहे. चाहत्यांच्या प्रत्येक आवृत्तीला ही कळ असावी असे मला वाटते.

एक गमतीची गोष्ट. यांतल्या बऱ्याच आवृत्त्या क्रिस जोन्स या ब्रिटिश प्रोग्रॅमरने १९९७ पासून विकसित केलेल्या ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ या साधनावर रचल्या गेल्या. वीस वर्षांत त्याही जुन्या झाल्या. २०२१ मध्ये स्कमव्हीएमला या साधनाची भाषाही शिकवावी लागली. मोडीचे बाळबोध केले, आणि आता ते बाळबोधही वाचणारा शोधावा लागला.

हक्क कोणाचा, राखण कोणाची

आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत संगणक-प्रोग्रॅमचाही समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी किंग्ज क्वेस्टची संहिता आणि एखादी कादंबरी एकाच पंगतीला बसतात. संरक्षणाची मुदत लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे. कादंबरीचा कागद तेवढा टिकतो. फ्लॉपी टिकत नाही. हक्क संपेपर्यंत ज्यावर हक्क होता ती वस्तूच उरलेली नसते.

सिएरा विकली गेली, मालक बदलत गेले. ‘द सिल्व्हर लायनिंग’ या चाहत्यांच्या खेळाची कथा बोलकी आहे. हा जुन्याचा नवा पाठ नव्हता, किंग्ज क्वेस्ट मालिकेचे पुढचे आख्यान होते. २००५ मध्ये तत्कालीन हक्कधारक विवेंडीने काम थांबवायला सांगितले. वाचकांची पत्रे गेली, परवानगी मिळाली. २०१० मध्ये हक्क ॲक्टिव्हिजनकडे होते. त्यांनी पुन्हा थांबवले, काही महिन्यांनी पुन्हा सोडले, आणि त्याच वर्षी जुलैत पहिला भाग बाहेर आला. एजीडीच्या मंडळींनीही विवेंडीकडून, पैसे घेणार नाही या अटीवर, परवाना मिळवला होता.

मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. उद्या तोच खेळ स्वतः काढायचा असेल तर फुकटची आवृत्ती त्याच्या आड येते, आणि आपले नाव कुणी कसेही वापरावे हे लेखकालाही रुचत नाही. पण राखण करायची जबाबदारी न घेता फक्त हक्क राखणे, हे पोथी कुलपात ठेवून वाळवी लागू देण्यासारखे आहे. याउलट क्राउदर आणि वुड्स यांनी आपल्या गुहेच्या १९९५ च्या आवृत्तीची संहिता २०१७ मध्ये सर्वांना खुली करू दिली. आणि २०२३ मध्ये रोबर्टा विल्यम्स निवृत्तीतून बाहेर येऊन, जिच्यामुळे सगळे सुरू झाले त्याच गुहेची नवी आवृत्ती घेऊन आल्या. वाचक लेखक झाला आणि शेवटी आपल्या पहिल्या पोथीचा संपादक झाला.

फ्लॉपीतले धवले

आता माझ्या फ्लॉप्या.

चिरनेरचे नाव १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे इतिहासात आहे. २५ सप्टेंबरच्या गोळीबाराची आठवण गाव दर वर्षी जागवते. त्या घटनेच्या नोंदी सरकारी दप्तरांत आहेत, पुस्तकांत आहेत. पण आमच्या आगरी लग्नांत गायले जाणारे धवले कुठल्या दप्तरात नसतात. ते धवलारिणीच्या तोंडी असतात. छापखान्यात असताना मी गावातल्या एका धवलारीण आजींकडून जमतील तेवढे धवले उतरवून घेतले आणि सुट्टीच्या दिवशी टंकून ठेवले. सदतीस धवले, अकरा फ्लॉप्या. एका पुस्तिकेपुरते काही छापले, बाकी ‘पुढे बघू’ म्हणून राहिले. पुढे आजी गेल्या.

अनेक वर्षांनी फ्लॉप्या काढल्या. अकरांपैकी आठ वाचता आल्या. फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चमत्कारिक खुणांचा चिवडा. त्या काळच्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या घरांतच काना, वेलांटी, अर्धी अक्षरे बसवलेली असत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले, युनिकोडही त्याच वर्षी आले, पण छापखान्यांत ज्याचा फाँट त्याची वर्णमाला हेच बरीच वर्षे चालले. आमचा फाँट नव्या यंत्रावर चालेना.

तेव्हा मला स्कमव्हीएमची माणसे आठवली. त्यांनी खेळाला हात न लावता भाषा उलगडली होती. माझ्याकडे ती छापील पुस्तिका होती. तिच्यातला धवला आणि पडद्यावरचा चिवडा शेजारी ठेवून एकेक खूण जुळवत गेलो. पावणेदोनशे खुणांचा तक्ता झाला. ऱ्हस्व वेलांटीने सर्वांत छळले. जुन्या फाँटात ती दिसते तशी अक्षराच्या आधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर. प्रत्येक ‘कि’ आणि ‘ति’ उलटून घ्यावा लागला. उलटा विचार कर, असे त्या खेळाने तीस वर्षांपूर्वी सांगितलेच होते.

सदतीसपैकी एकतीस धवले पूर्ण उतरले. दोन गेले. चारांच्या मधल्या ओळी खराब फ्लॉप्यांबरोबर नाहीशा झाल्या. आजींच्या नातसुनेला त्यातले काही येतात. तिने म्हणून दाखवले, पण ती जिथे मांडवाचे वर्णन करते तिथे आजींच्या ओळीत हळदीचा उल्लेख होता, एवढे मला पक्के आठवते. ‘काका, माझी ओळ घाला ना तिथे, गाणं तर पुरं होईल,’ ती म्हणाली. तिचेही चुकत नव्हते. धवला गात राहायचा तर तो पुरा हवा. तिचा धवला हे तिचे आख्यान आहे, आणि लग्नात तेच गायले जायला हवे.

पण मी करत होतो ते काम दुसरे होते. म्हणून आजींच्या पाठात त्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत, आणि तळटीपेत नातसुनेची ओळ तिच्या नावासह दिली आहे. जुनी फाइल, खुणांचा तक्ता आणि नवा पाठ असे तिन्ही एकत्र ठेवले आहे, चार ठिकाणी, चार माणसांकडे. माझा तक्ता चुकला असेल तर उद्या कुणाला मूळ चिवड्यापासून पुन्हा सुरुवात करता येईल.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी किंवा कचेरीत नव्वदच्या दशकातल्या फ्लॉप्या, सीडी असतील. त्यांत नियतकालिकांचे अंक असतील, कुणाच्या अप्रकाशित कविता असतील, वडिलांची पत्रे असतील. त्यांची राखण करायला कुठली कंपनी येणार नाही. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत एखादी काळी चौकोनी फ्लॉपी हाती लागली, तर ती भंगारात टाकण्याआधी तिच्यावर काय लिहिले आहे तेवढे वाचा. आणि शेजारी तिची एखादी छापील प्रत सापडली, तर ती आधी जपून ठेवा. चिवडा सोडवायची किल्ली तीच असते.